केरबाचे हात

"...मग गाव हात का लावत नाही, बाबा?"

केरबानं हे तिसऱ्यांदा विचारलं. शेखूफकीर बहिरे नव्हते, सोयीनं व्हायचे. शिवाय पेरू खात होते, आणि दात दोनच उरल्यामुळं पेरूला वेळ लागत होता.

"ऊस मोडला. दीड एकरात फणस लावले, शेवगा लावला, खाली सुरण, वर कारल्याचे वेल. चावडीवर उभं राहून सांगितलं, हे रान सगळ्यांचं. या, खा, आपल्या हातानं एखादं रोप लावा. तर येतात, खातात, ढेकर देतात, जातात!"

"ढेकर तर देतात..."

"थट्टा नको, बाबा. एकानं साधी काडी रोवली नाही. उद्या तारेचं कुंपण घालतोय. पुन्हा ऊस!"

एका जागी उभं राहणं केरबाला ठाऊकच नव्हतं. बोलता बोलता वाकायचा, सरकायचा, तण उपटायचा. बापजाद्यांचे हात ते. भांगलायला मालकाची परवानगी मागत नसत. तोंड गावाला सोलत होतं, हात रानाला.

"सगळं मीच करायचं का?" उपटलं, फेकलं. "मीच मरायचं का?" उपटलं...

फकिरांनी मनगट धरलं.

"हे काय?"

"तण."

"हुंगून बघ."

केरबानं पान चुरडून हुंगलं. सीताफळ. वीतभर रोप.

"माझ्या ओळीत नाही हे. मी नाही लावलं."

"मग?"

केरबानं खाली पाहिलं. उपटल्या जागेभोवती कुणीतरी बोटांनी आळं केलं होतं. वेडंवाकडं. माती ओली होती. त्यानं तर आठवडाभर या कोपऱ्याला पाणी सोडलं नव्हतं.

मागं फेकलेल्या ढिगाकडं बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

मग बघितलं... तणात अशीच आणखी रोपं होती.

"बाबा!" तो मटकन गुडघ्यावर बसला, माती उकरू लागला. "लावतो. आत्ता परत लावतो. जगेल हे."

फकिरांनी आता दोन्ही मनगटं धरली. दोन दातांच्या माणसात एवढा जोर कुठून येतो, देव जाणे.

"सोडा, बाबा! मुळं सुकतील!"

"सुकतील... पण तू लावलंस, तर हे रान परत तुझंच होईल."