शैलजाबाईंच्या गाडीचं कुलूप

“कापून काढायला किती वेळ लागेल, चाचा?” प्रभुणेसाहेबांनी विचारलं.

अब्बासचाचा गाडीच्या दाराशी उकिडवे बसले होते आणि कुलपाच्या भोकाला नाक लावून वास घेत होते.

साताऱ्यात कुलपं उघडून देणारे बरेच होते. अब्बासचाचा मणेर त्यांतले सगळ्यांत म्हातारे. लोक त्यांच्या दुकानात बंद पेटी घेऊन येत, आणि पेटी उघडल्यावरही उगीच बसून राहत. काहीतरी विचारत. चाचा कधी उत्तर देत, कधी नुसता चहा.

प्रभुणेसाहेब असं बसणाऱ्यांतले नव्हते. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले अभियंते. त्यांनी चाचांना बंगल्यावरच बोलावून घेतलं होतं.

“तेल कुणी घातलं?” चाचांनी विचारलं.

“मी. चांगलं भरपूर घातलं. तरी किल्ली फिरत नाही.”

“आणि वाकवली कुणी?”

“जोर लावावा लागला.” साहेबांनी हात झटकले. “चाचा, मी धरणाचे दरवाजे उचललेत. वीस-वीस टनांचे. हे एवढंसं कुलूप...”

“तिथं पाणीही बाहेर यायला बघत होतं, साहेब.”

साहेब हसले. त्यांना ते बोलणं आवडलं, पण समजून घ्यायला वेळ नव्हता.

“बारा वाजता गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. कुलूप कापा, नवं बसवा. गाडी जुनी आहे, कुलपाचं काय एवढं?”

चाचांनी पत्र्याचा डबा उघडला. वाकलेली किल्ली लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून, लाकडाच्याच हातोडीनं हलके ठोके देत सरळ केली. पिचकारीनं कुलपात पेट्रोल सोडलं. काळं, चिकट पाणी दारावरून ओघळलं.

“तेलानं धूळ धरली,” ते म्हणाले. “आत चिखल झाला होता.”

मग फुंकून कुलूप सुकवलं. कानावरची पेन्सिल काढून किल्लीच्या दात्यांवर शिसं घासलं, आणि किल्ली साहेबांच्या हातात दिली.

“बघा.”

किल्ली आत सुळकन गेली. फिरली मात्र नाही.

साहेबांनी पुन्हा जोर लावायला मनगट वळवलं. चाचांनी त्यांचा हात धरला.

“गाडी कोण चालवायचं?”

“आमची ही. शिक्षण खात्यात होती. बावीस वर्षं हीच गाडी घेऊन जावळीतल्या शाळा तपासत हिंडली.”

“त्यांना कसं उघडायचं?”

“आता काय सांगणार? मी या गाडीला कधी हात लावला नाही.”

“विचारलंत?”

साहेबांनी आवाज खाली आणला. “तिला बोलता येत नाही, चाचा. चार महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.”

“मी बोलता येतं का, ते नाही विचारलं.”

...

शैलजाबाई तिथंच होत्या. व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. गाडी तिथून सात-आठ पावलांवर होती. सगळं बोलणं त्यांना ऐकू जात होतं.

साहेबांनी बायकोसाठी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. सकाळी सहाला उठवत, साडेसातला भरवत, नवाला केस विंचरत. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डाव्या हातानं त्यांना त्यांचं त्यांना करू द्या. पण चमचा तोंडाशी पोचायला वेळ लागे आणि निम्मं सांडे. साहेब चमचा काढून घेत. आताशा बाई तो हातात धरतही नव्हत्या.

चाचा किल्ली घेऊन पायऱ्या चढले. खुर्चीपुढं जमिनीवर बसले आणि किल्ली तळहातावर ठेवून पुढं केली.

“ताई, मला जमत नाही.”

बाईंनी किल्लीकडं पाहिलं. मग चाचांकडं.

“अहो, तिला कशाला त्रास...” साहेब खालून म्हणाले.

चाचांचा हात तसाच पुढं राहिला.

बऱ्याच वेळानं बाईंचा डावा हात हलला. बोटांनी किल्ली उचलली.

...

सात-आठ पावलांना बराच वेळ लागला. एका बाजूनं साहेब, दुसऱ्या बाजूला काठी. दाराशी आल्यावर बाईंनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मग किल्ली आत घातली आणि तांदळाच्या दाण्याइतकी मागं ओढली.

आणि थांबल्या.

उजव्या कुशीनं त्यांना दार रेटायचं होतं, हे त्यांच्या अंगावरून दिसत होतं. कूस साथ देत नव्हती.

साहेबांनी किल्लीकडं हात नेला. “दे, आता कळलं मला. किंचित मागं ओढायची ना? मी करतो.”

बाईंनी किल्ली सोडली नाही. त्यांचे ओठ हलले. गळ्यातून घरघर आली. साहेब घाबरले, “पाणी हवंय? बसायचंय?” म्हणाले.

बाईंनी मान हलवली. नाही. पुन्हा ओठ हलले.

“दा...”

चार महिन्यांत साहेबांनी हा आवाज ऐकला नव्हता.

“दाब,” शैलजाबाई म्हणाल्या. “दार.”

साहेबांनी दोन्ही तळवे दाराला लावले आणि दाबलं. सगळ्या ताकदीनं.

बाईंनी मान हलवली. एवढं जोरात नाही, हळू.

साहेबांनी हात सैल केले. नुसते टेकवून धरले.

खट्.

दार उघडलं, आणि साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसायचं टाळलं, कारण मग हात दारावरून काढावा लागला असता.

बाईंनी किल्ली काढून घेतली, त्या पाठमोऱ्या झाल्या आणि चालकाच्या जागेवर टेकल्या. डावा पाय आत घेतला. उजवा बाहेरच राहिला. साहेब चटकन वाकले. चाचांनी मध्ये आपला पत्र्याचा डबा ठेवला, सहज, जणू हातातून खाली टेकवायलाच हवा होता.

साहेब थांबले.

बाईंनी डाव्या हातानं उजवा पाय गुडघ्याशी धरला. एकदा उचलला, निसटला. दुसऱ्यांदा उचलला, निसटला. तिसऱ्यांदा आत घेतला. मग हात लांबवून त्यांनी दार ओढून घेतलं आणि किल्ली गाडी सुरू करायच्या भोकात घातली.

फाटकातून मोटारसायकलचा भोंगा ऐकू आला. बारा वाजले होते. गिऱ्हाईक आलं होतं.

“आज नाही,” साहेब तिथूनच ओरडले. “गाडी विकायची नाहीये.”

माणूस चक्रावून निघून गेला. चाचांनी डबा उचलला, पेन्सिल कानावर अडकवली.

साहेब काचेशी उभे होते. आत बाई समोर बघत होत्या, डावा हात चाकावर. साहेबांच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. ते एकदा पायजम्याला पुसून झाले, एकदा पाठीमागं बांधून झाले.

“चाचा...” ते शेवटी म्हणाले. वीस टनांचे दरवाजे उचलणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. “आता मी काय करू?”

“पलीकडच्या दाराला बाहेरून किल्ली लागत नाही, साहेब,” चाचा म्हणाले. “तिथं जाऊन उभे राहा... ते आतून उघडतं.”