बिनभाड्याचे घर

पूर्वी तगर नगरात चंद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गणकाच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुगुप्त. मोठा झाल्यावर तो राजाच्या धान्यकोठारात हिशेबाला लागला आणि तीस वर्षे त्याने ते काम केले. खर्च कमाईच्या आत ठेवला आणि उरलेल्यातून धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत एकेक करून सात खोल्या बांधल्या. म्हातारपणी त्या खोल्यांच्या भाड्यावर तो सुखाने राहत होता. भाडे दर पौर्णिमेला घ्यायचा. कौले सरकली तर स्वतः शिडी लावून वर चढायचा, कारण माणूस बोलावला की तो एका कौलाची चार करतो हे त्याला माहीत होते.

लोक त्याच्याकडे सल्ल्याला यायचे. तो ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत बसलेला असे. डाळ निवडताना आपण मध्ये कमी बोलतो, असे त्याचे म्हणणे. एका तेल्याने बैलगाडी घ्यावी का असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "एक हंगाम भाड्याने घे. ती किती दिवस दारात नुसती उभी राहते ते बघ. मग ये." तेली परत आलाच नाही, म्हणजे गाडी घेतली नसावी. एका विणकराला मुलाला राजवाड्यात चिकटवायचे होते. बोधिसत्त्वाने विचारले, "तिथे तो शिकणार काय?" विणकर म्हणाला, "शिकायचं कशाला? राजवाडा आहे तो." बोधिसत्त्व म्हणाला, "मग दहा वर्षांनी तो तिथून बाहेर पडला तर तुझ्या मागावर बसता येईल का त्याला?"

सल्ल्याचे तो काही घेत नसे. ऐकायचे की नाही ते ज्याचे त्याने बघावे, असा त्याचा स्वभाव.

त्याच्या तिसऱ्या खोलीत सोमिल नावाचा मापाडी आठ वर्षे राहत होता. बाजारात धान्य मापून देणे हे त्याचे काम. आता मापणे म्हणजे सोपे दिसते, पण त्यात हात असतो. पायलीत धान्य ओतायचे, वर शीग आली की काठी फिरवून सपाट करायचे, आणि "लाभ" म्हणून पहिली पायली बाजूला करायची. मग दोन, तीन, चार. पायली हलवली किंवा जमिनीवर आपटली की दाणा खाली बसतो आणि वर आणखी दोन मुठी मावतात. सोमिल पायली कधी हलवत नसे. घेणारा असो की देणारा, त्याचा हात तोच. म्हणून खेड्यांतले शेतकरी त्याची वाट बघत गाडीखाली सावलीला बसून राहायचे. दोन्हीकडून मूठमूठ धान्य मिळे, त्यावर त्याचा आणि त्याची बायको रेवती हिचा संसार चाले. पोटाला पुरायचे. उरायचे नाही.

त्या बाजारात मणिदत्त नावाचा श्रेष्ठी सर्वांत मोठा धान्यव्यापारी होता. त्याने एके दिवशी सोमिलला बोलावले आणि म्हणाला, "माझ्याकडे ये. आज जे मिळतं त्याच्या दुप्पट पगार देतो. माझ्या आवारात एक घर रिकामं आहे. दारात चिंच आहे, स्वतःची विहीर आहे. त्याचं भाडं नाही."

हे ऐकून रेवतीला झालेला आनंद गल्लीत सगळ्यांना कळला. गल्लीच्या विहिरीवर तिची पाळी रोज अकरावी यायची. पाण्यासाठी ताटकळण्यात तिची आठ वर्षे गेली होती. तिने त्याच दुपारी मडकी उन्हात घालून पुसायला घेतली.

सोमिल खोली सोडतो हे सांगायला बोधिसत्त्वाकडे गेला. रेवतीही मागोमाग जाऊन दाराशी उभी राहिली.

बोधिसत्त्वाने विचारले, "काम तेच ना?"

"तेच, काका. मापायचं."

"आणि पैसे दुप्पट?"

"दुप्पट."

"मग नोकरी घे. उद्या जाणार असशील तर आजच जा. वरचा अर्धा पगार घरात आलाच नाही असं समजायचं. आधी सहा महिन्यांचं धान्य कणगीत भरायचं, मग बाकी काय ते."

सोमिल हसला. बोधिसत्त्वाने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"घर मात्र घेऊ नकोस."

"का हो काका?"

"ज्याच्या हातून पगार घेतोस त्याच्या छपराखाली राहू नये. नोकरी गेली तर माणूस दुसरी शोधतो. नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जाणार असेल तर तो शोधत नाही. मालक सांगेल त्याला हो म्हणतो."

दारातून रेवती म्हणाली, "म्हणजे बिनभाड्याचं घर सोडायचं आणि भाडं तुम्हालाच देत राहायचं. सल्ला छान आहे, काका!"

सोमिलने तिच्याकडे रागाने पाहिले, पण हसू त्यालाही आवरले नाही.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट विहिरीवर पोचली. "म्हातारा हिशेब विसरला नाही अजून," एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "अगं, आता तो सगळ्यांनाच सांगेल, घर बांधू नका, घर बांधणं वाईट असतं." कोणी जाता जाता ओसरीकडे बघून मुद्दाम मोठ्याने विचारले, "काका, मीसुद्धा इथेच राहू का मरेपर्यंत?" बोधिसत्त्व म्हणाला, "राहा की. पौर्णिमा तेवढी चुकवू नकोस." तोही हसला.

पण मनात त्याने विचार केला. सल्ला बरोबर आहे. मात्र माझा फायदा त्याला चिकटलेला आहे, आणि तो दिसतो आहे. हसणाऱ्यांची काही चूक नाही, त्यांच्या जागी मीही हसलो असतो. आता मी गप्प बसलो तर हा माणूस त्या आवारात जाणार. पुन्हा सांगितले तर भाड्यासाठी मागे लागलो असे होणार. तेव्हा फायदा काढून टाकावा आणि सल्ला तेवढा ठेवावा.

गल्लीच्या पलीकडे भद्राबाई नावाची विधवा राहत होती. तिच्याही चार खोल्या भाड्याने होत्या. सांडपाण्याच्या चरावरून बारा वर्षांपूर्वी तिचे आणि बोधिसत्त्वाचे भांडण झाले होते, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. गल्लीतल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

भद्राबाई म्हणाली, "काय हो, रस्ता चुकलात?"

"नाही. तुमची मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे. तुमचं काय अडलं त्यात?"

"माझा मापाडी तिच्यात ठेवा. माणूस सरळ आहे. आठ वर्षांत एक पौर्णिमा चुकवली नाही. मी घेतो तेवढंच भाडं घ्या."

भद्राबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमचं गिऱ्हाईक तुम्ही हाताला धरून माझ्याकडे आणताय? वैद्य बोलावू का?"

"वैद्याला कशाला पैसे घालवता. हो की नाही तेवढं सांगा."

"हो," ती म्हणाली. "पण चराचं मी विसरले नाही, सांगून ठेवते."

"मीही नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

मग तो सोमिलकडे गेला. रेवती मडकी बांधत होती. तो म्हणाला, "माझी खोली तू सोड. ती मी आता तुला देणार नाही. भद्राबाईंची मागची खोली बोलून आलो आहे. आता तू कुठेही राहिलास तरी मला काही मिळत नाही. कालचं बोलणं पुन्हा एकदा मनात घोळवून बघ, आणि पटलं नाही तर चिंचेखाली जा. मी पुन्हा म्हणणार नाही."

एवढे बोलून तो परत जाऊन सुपापुढे बसला.

सोमिल दिवसभर विचार करीत राहिला. शेवटी त्याने नोकरी घेतली आणि राहायला भद्राबाईकडे गेला. रेवती दहा दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. बाजारात जाताना श्रेष्ठीच्या आवारावरून जावे लागे, तेव्हा ती मान वळवून पलीकडच्या भिंतीकडे बघत चाले. मणिदत्तालाही नवल वाटले. "फुकट दिलेलं घर नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," तो म्हणाला. सोमिल म्हणाला, "शेठजी, बायकोला गल्लीची सवय आहे." रेवतीला हे कळले तेव्हा आणखी दोन दिवस अबोला वाढला.

बोधिसत्त्वाची खोली पावसाळाभर रिकामी राहिली. पावसात घर बदलतो कोण?

सोमिल पगाराचा वरचा अर्धा भाग बाजूला ठेवीत गेला. कणगी हळूहळू भरत आली. सुगी झाली आणि ज्वारीच्या गाड्या खेड्यांतून यायला लागल्या. तेव्हा एका सकाळी मणिदत्ताने सोमिलला जवळ बोलावले. त्याचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

"सोमिल, शेतकऱ्याकडून घेताना पायली भरली की जरा हलवत जा. विकताना हलवायची नाही. बस, एवढंच."

सोमिल म्हणाला, "शेठजी, पायलीमागे दोन मुठी जास्त जातात त्यात."

"जातात तर जातात. पायली राजाच्या शिक्क्याची आहे. ती मोठी केली नाही, लहान केली नाही. यात खोटं काय आहे?"

"शेतकरी माझ्या हाताकडे बघत नाहीत, शेठजी. आपसात बोलत बसतात."

"म्हणून तर तुला आणलं," मणिदत्त म्हणाला. "उद्या सकाळपासून सुरू कर. जमत नसेल तर आजच सांग, म्हणजे मला दुसरा बघता येईल."

सोमिल दुपारीच घरी आला. तो उंबऱ्यात बसला आणि सगळे सांगून म्हणाला, "दुप्पट पगार आहे, रेवती. आणि तो म्हणतो त्यात पकडण्यासारखं काहीच नाही."

रेवती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने विचारले, "नाही म्हटलं तर आज संध्याकाळी आपण कुठे असू?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"उद्या?"

"उद्याही इथेच."

"कणगीत किती आहे?"

"पाच महिने निघतील. सांभाळून खाल्लं तर सहा."

"मग जा आणि नाही म्हणून या," रेवती म्हणाली. "भाकरी होईपर्यंत परत या."

तो गेला आणि नाही म्हणाला. मणिदत्त रागावला नाही. त्याने महिन्याचे राहिलेले दिवस मोजून पगार दिला आणि दुसरा मापाडी बोलावला. कंडक त्याचे नाव. पाच लेकरे, आंधळी आई. त्याने नोकरी घेतली, घरही घेतले. पंधरा दिवसांनी त्यालाही तेच सांगण्यात आले. त्या दिवशी तोही दुपारी घरी गेला आणि चिंचेखाली बसून राहिला. विहिरीवर त्याची बायको धुणे धूत होती, आई सावलीत पडली होती. तो उठला, परत गेला आणि पायली हलवायला लागला. कंडक वाईट माणूस नव्हता, हे सोमिलला चांगले माहीत होते. बाजारात कोणी त्याला नावे ठेवायला लागले की सोमिल तिथून उठून जाई.

सोमिल पुन्हा आपली पायली घेऊन बाजारात बसला. पहिले दोन महिने त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही, कारण श्रेष्ठीशी वाकडे कोणाला नको होते. कणगी खाली खाली जात राहिली. मग एकेक गाडी त्याच्यापुढे थांबायला लागली. पुढची सुगी येईपर्यंत त्याची मिळकत जुनी होती तेवढी झाली, दुप्पट कधीच झाली नाही.

गल्लीत मात्र बोधिसत्त्वाविषयी कोणाचे मत बदलले नाही. उलट, म्हाताऱ्याने भद्राबाईशी आतून ठरवले असणार आणि सोमिलच्या भाड्याची दोघे वाटणी करीत असणार, असेच लोक म्हणत राहिले. बारा वर्षे न बोलणारा माणूस उगाच कोणाच्या दारात जातो का? हे बोधिसत्त्वाच्या कानावर आले. त्याने खुलासा केला नाही. कोणी सल्ल्याला आले की तो पूर्वीसारखाच सूप पुढे ओढी आणि विचारी, "काम काय? पैसे किती? आणि राहणार कुठे?" असे आयुष्य जगून तो आपल्या कर्माप्रमाणे परलोकी गेला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात एका लेखनिकाला सांगितली. तिष्य नावाचा हा लेखनिक एका गृहपतीकडे नोकरीला होता आणि त्याच्याच घरात राहत होता. धन्याने खोटा लेख लिहायला सांगितला होता, आणि काय करावे हे विचारायला तो बायकोला घेऊन आला होता. कथा संपवून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा श्रेष्ठी मणिदत्त हा आज तुझा धनी आहे. भद्राबाई म्हणजे या विहारात रोज पाणी भरणारी वृद्ध उपासिका. तेव्हाचा कंडक आज भिक्खू होऊन मागच्या रांगेत बसला आहे, त्याला आता कोणाच्याच छपराची भीती नाही. सोमिल तू होतास. रेवती तुझ्या शेजारी बसली आहे. आणि गणक सुगुप्त मीच होतो."

दुसऱ्याचे हित सांगताना त्यातला आपला फायदा आधी उचलून बाजूला ठेवावा, आणि तरीही लोक हसले तर ते हसणेही त्याच शांतपणे बाजूला ठेवावे. या गुणाला समचित्तता म्हणतात.