कारणाखालचं नाव

"पण का नाही लिहायचं?"

इंगवले गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही. फळ्यावरच्या ओळीखाली त्यांनी आणखी एक रेघ ओढली, इतकी दाबून की खडू मोडला.

ओळ अशी होती : कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही.

"बाकी सगळं विचारा," गुरुजी म्हणाले. "या नियमाला 'का' विचारायचं नाही."

चिकणेवाडीच्या शाळेत दर शनिवारी आसपासचे नऊ शिक्षक जमत. इंगवले गुरुजी याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलांना पुस्तकातून उठवून गावात कसं न्यायचं, गावाचा एखादा प्रश्न त्यांच्या हाती कसा द्यायचा आणि आपण मागे कसं राहायचं, हे ते शिक्षकांना शिकवत. प्रश्न मुलांनी शोधायचा. मोजमाप मुलांनी करायचं. मग तक्त्यावर कारण लिहायचं आणि तो तक्ता ग्रामसभेपुढे वाचायचा.

नऊ जणांत याच शाळेत सातवीला शिकवणारी शलाका चौगुले सगळ्यात लहान. रसायनशास्त्रात एम.एस्सी., नोकरीला दोन वर्षं, आणि जीभ अशी की सहकारी तिच्याशेजारी बसताना खुर्ची थोडी लांब ओढत.

"गुरुजी, चुकणाऱ्याचं नाव झाकायला मी नोकरीला लागले नाही."

आठ माना खाली गेल्या.

"पटत नाही?"

"नाही पटत."

"पटलं असतं, तर सांगावंच लागलं नसतं," गुरुजी म्हणाले, आणि फळा पुसायला लागले.

म्हातारी माणसं, शलाकाला वाटलं. उत्तर नसलं की फळा पुसतात.

*

शलाकाच्या सातवीनं प्रश्न निवडला होता तो खालच्या आळीतल्या पाण्याचा.

पाऊस थांबून तीन आठवडे झाले, तरी आळीत घोट्याइतकं हिरवं पाणी उभं होतं. अकरा घरांत ताप. सातवीतलाच समर तालुक्याच्या दवाखान्यात, डेंग्यूनं. रोज सकाळी कुणीतरी बातमी आणायचं. काल पेशी इतक्या होत्या, आज इतक्या आहेत. आकडा रोज उतरत होता.

कारण तर सगळ्या गावाला पाठ होतं. आळीच्या तोंडाशी सगुणा रेडेकरचा गोठा. चार म्हशी. दिवसातून दोनदा धुणं. वरच्या आळीत कुणालाही विचारा, "त्या सगुणाच्या म्हशी," असं उत्तर यायचं. मुलांनी चाळीस घरांत विचारलं, अडतीस घरांनी तेच सांगितलं. मुख्याध्यापक नलवडे सर म्हणाले, "यात शोधायचं काय राहिलं?"

शलाकानं लाल स्केचपेन मुलांच्या हातात दिलं.

कारण : सगुणा रेडेकर.

नियम तिच्या लक्षात होता. म्हणूनच तिनं अक्षर मोठं काढायला सांगितलं.

शुक्रवारी तक्ता व्हरांड्यात लागला. शनिवारी सकाळी सगुणा शाळेच्या फाटकात उभी होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

"बाई, माझं नाव लिवलंय म्हनं."

"लिहिलंय," शलाका म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही. "आक्का, चाळीस घरं विचारून लिहिलंय."

"माझं घर कितवं?"

चाळीस घरांत सगुणाचं घर नव्हतं.

"सरपंच काल दारात आलं हुतं," सगुणा म्हणाली. "म्हनालं, आता शाळेनं लिवलं, म्हशी ईक. आधी नुसतं बोलत हुतं. आता लिवल्यालं दाखवत्यात."

"पाणी तुमच्या गोठ्यातून येतं की नाही, तेवढं सांगा."

"येतं की. तुमच्या नळाचं येत न्हाई व्हय?" सगुणा तक्त्याकडे बघत राहिली. "मला लिवाय येत न्हाई बाई. न्हाईतर मीबी कुनाचं तरी लिवलं असतं."

मागे कुणीतरी खोकलं. इंगवले गुरुजी आले होते. शनिवारच्या वर्गासाठी. त्यांनी तक्ता वाचला, लाल अक्षरंही वाचली.

शलाकानं मान ताठ केली. आता बोलतील, म्हणून ती थांबली. पुढचं उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं.

"सगुणा," गुरुजी म्हणाले, "घरात भुसा आहे?"

*

भुशाची पाटी गुरुजींनी शलाकाच्या हातात दिली. सातवीची सव्वीस मुलं भिंतीकडेच्या दगडांवर रांगेनं उभी. आठ शिक्षक त्यांच्या मागे, पायजमे आणि साड्या आवरत.

"टाका, बाई."

"कुठं?"

"तुमचं कारण जिथं आहे तिथं."

शलाका पाण्यात उतरली. सगुणाच्या गोठ्याच्या उंबऱ्याशी तिनं पाटी उपडी केली. भुसा पाण्यावर पसरला आणि तसाच राहिला.

"आता?"

गुरुजींनी नुसतं भुशाकडे बोट केलं.

"गुरुजी, याचा उपयोग काय? मुलांचा तास बुडतोय."

"बाई, हाललं!" गौतमी ओरडली. वर्गातली सगळ्यात बुटकी, सगळ्यात पुढे घुसणारी मुलगी.

भुसा खरंच हलत होता. इतका सावकाश, की पापणी मिटून उघडावी तेव्हा कळावं. पाणी उभं नव्हतं तर. कुठंतरी जायचा प्रयत्न करत होतं. मुलं दगडादगडावरून त्याच्या बाजूनं सरकू लागली. शलाका विसरली की आपल्याला मागे राहायचं आहे, आणि मग मुलंच इतकी पुढे गेली की ती आपोआप मागे राहिली.

वाटेत दुसरं पाणीही येऊन मिळत होतं. वरच्या आळीच्या मोऱ्या, देवळामागचा हौद, सरपंचांच्या न्हाणीचं साबणाचं पाणी. एका मुलानं घरं मोजायला घेतली आणि तेविसावर सोडून दिली.

अर्ध्या तासानं भुसा एका जागी जाऊन थांबला आणि चार बोटं जाड साचला. गौतमीनं काठी घातली. काठी गुडघ्याइतकी आत गेली.

पुढे भिंत होती. शाळेच्या मैदानाची. पुरुषभर उंच, काळ्या दगडाची.

दोन मुलांनी गौतमीला वर उचललं.

"काय दिसतंय?" शलाकानं विचारलं.

"मैदानाच्या कडंला ओढा हाय, बाई. जुना. दगडं हायती, गवत हाय." ती थांबली. "कोरडा हाय."

"आणि भिंतीला?"

गौतमी खाली वाकून शोधत राहिली. "भोक न्हाई, बाई. कुठंच मोरी न्हाई."

खाली उतरताना तिचा हात एका गुळगुळीत दगडावर पडला. भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी. मुलं अक्षर दिसलं की वाचतात, आणि एकानं वाचलं की सगळी वाचतात. सव्वीस आवाज एका चालीत सुरू झाले :

"संरक्षक भिंत. संकल्पना व अथक प्रयत्न, मुख्याध्यापक श्री. वामन गणपती..."

आडनावापाशी आवाज पांगले. शेवटचा शब्द कुणी म्हटला, कुणी गिळला.

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी भुशाकडे पाहत होते.

"गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?" शलाकानं विचारलं.

"भुसा तुम्ही टाकलात, बाई," गुरुजी म्हणाले.

*

त्या दुपारी मुलांनी जुना तक्ता उतरवला. शलाका एकटी सगुणाच्या दारात गेली. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सगुणानं तिला बसायला पाट दिला नाही, एवढं मात्र आळीनं पाहिलं.

नवा तक्ता मुलांनी स्वतः केला. या वेळी शलाकानं स्केचपेनाचा रंगही सुचवला नाही.

कारण : शाळेची भिंत. पाण्याला वाट ठेवलेली नाही. बांधणारे : इंगवले गुरुजी.

ग्रामसभा दोन ऑक्टोबरला. एक तारखेला शाळा सुटल्यावर शलाकाला कार्यालयात बोलावणं आलं. आत तीन खुर्च्या भरलेल्या होत्या. नलवडे सर, सरपंच आनंदा तात्या आणि खिडकीशी इंगवले गुरुजी. चौथी खुर्ची नव्हती. तक्ता टेबलावर पालथा पडला होता.

"बाई, काम झकास झालंय," सरपंच म्हणाले. "पोरं हुशार हायती. फक्त एक ओळ बदला."

"कोणती?"

"कारणाची. 'जमिनीचा उतार' असं घाला. उतार काय कुणाच्या बापाचा न्हाई. कुनाला लागायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"उताराला मोरी कशी पाडणार, तात्या?"

सरपंच हसले, पण नलवडे सर हसले नाहीत. "चौगुले बाई, नियम तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितला होता. माणसाचं नाव नाही. तुम्ही एकदा मोडलात, त्याचं फळ पाहिलंत. अजून शहाणपण येत नाही?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून शलाकाचे कान तापले. सगुणाचे ओले हात तिला दिसले.

"आलं ना," ती म्हणाली. "तेव्हा मी न बघता नाव लिहिलं. या वेळी बघून लिहिलंय."

"तुमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं अजून संपलेली नाहीत. अहवाल मी लिहितो, हे ध्यानात आहे ना?"

"लिहा सर. माझं नाव लिहिताना तुम्हाला कुठलाच नियम आडवा येत नाही."

"जिभेला हाड आहे का नाही!" नलवडे सर अर्धे उठले.

"राहू द्या," खिडकीकडून आवाज आला.

गुरुजी इतका वेळ बाहेर, मैदानाकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"चौदा वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "मधल्या सुट्टीत एक वळू या मैदानात शिरला. पहिलीतल्या पोरीचा डोळा गेला. मी दोन वर्षं दारोदार फिरलो. कुणी दगड दिले, कुणी बैलगाडी, कुणी हात. मग ती भिंत उभी राहिली." त्यांचा आवाज खाली आला. "त्यानंतर एकही मूल दुखावलेलं नाही."

"आतलं," शलाका म्हणाली. "आतलं एकही नाही, गुरुजी. समर बाहेर राहतो."

"कसा आहे तो?" गुरुजींनी विचारलं.

"आज सकाळी पेशी अजून उतरल्या."

सरपंचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भिंत लिहा," गुरुजी शेवटी म्हणाले. "भिंत खुशाल लिहा. माणूस काढा. तेवढंच मागतोय."

शलाकाला वाटलं, हो म्हणावं. म्हाताऱ्याच्या मानेवरची शीर उडत होती. या माणसानंच आपल्या हातात पाटी दिली, हेही ती विसरली नव्हती. आणि तिला राग आला तो त्याचाच... की हो म्हणणं इतकं सोपं वाटतंय.

"तात्या," तिनं विचारलं, "गुरुजींचं नाव काढलं, नुसती भिंत राहिली. मग उद्या तुम्ही तिला पहार लावाल?"

सरपंच चुळबुळले. "गुरुजींची भिंत हाय ती, बाई. गुरुजींनी सांगितल्याबिगर कोन हात लावंल? गाव तोंडात शेन घालंल."

"ऐकलंत गुरुजी? तुमचं नाव तक्त्यावरून जाईल, भिंतीवरून नाही. पाणी तिथंच राहील. आणि कारणाची जागा रिकामी दिसली की गाव तिथं सगुणाआक्काचं नाव वाचेल. लिहायची गरजच नाही. ते सगळ्यांना पाठ आहे."

"मी तुमचा गुरू आहे, बाई."

"म्हणून तर उभी आहे. नाहीतर एव्हाना निघून गेले असते."

तिनं टेबलावरचा तक्ता उचलला, सुलटा केला आणि गुंडाळी करून काखेत घेतला.

"नाव राहील," ती म्हणाली.

नलवडे सरांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी गुरुजींकडे. गुरुजी आता पहिल्यांदाच तिच्याकडे वळले होते.

"आणि मी ग्रामसभेत उठून सांगितलं, की हे नाव पुसा... तर?"

"तर ते दोनदा लिहावं लागेल, गुरुजी. एकदा बांधणारे म्हणून, एकदा पुसणारे म्हणून."

तिनं काखेतली गुंडाळी घट्ट धरली आणि दाराकडे वळली.