सुतारपक्ष्याची टकटक

माणसांनी बाजार मांडला त्याच्याही आधी, एका रानात एक सुतारपक्षी इतरांना ढोल्या कोरून द्यायचा आणि बदल्यात अळ्या घ्यायचा. एकदा गिऱ्हाईक जरा थंडावलं, तेव्हा त्याने जाहिरातीला पोपट ठेवला.

पोपट म्हणाला, "नुसत्या अळ्या मागितल्यास तर कोण येणार? उंबरं चालतील म्हण, बोरं चालतील म्हण, पिल्लं उडाल्यावर दिलं तरी चालेल म्हण. ओरडायचं माझ्यावर सोड."

पोपट रानभर ओरडत फिरला. जो तो नुसती चौकशी करायला येई. बोरं किती, उंबरं किती, उधारी कुठवर, हे सांगता सांगता सुतारपक्ष्याची चोच दमून जाई. लाकडाला ती लागेचना. हळूहळू चौकशीही आटली.

"पुरे झाला हा धंदा," सुतारपक्षी पुटपुटला. निदान पडायला जागा हवी म्हणून तो स्वतःसाठीच ढोली कोरू लागला. टक, टक, टक.

तेवढ्यात साळुंकी उडत आली. "अरे, होतास कुठे? टकटक ऐकू येईना, वाटलं रान सोडून गेलास!"

"पोपट ओरडत होता की."

"पोपट काय, रोजच ओरडतो. मला ढोली हवीय. काय घेशील?"

सुतारपक्ष्याने मानही वळवली नाही. "बोलायला लावू नकोस, साळुंकीबाई. आधी कोरू दे."