नवं घोंगडं आणि नोंदवही

“म्हंजे मी सही केली, की माझी पोरगी शाळेतनं गेलीच न्हवं?”

वैजंतानं हे मठाच्या केरूबुवांना विचारलं. उत्तर दिलं नलवडे गुरुजींनी.

“गेली कसं म्हणता? दाखला तुम्हीच मागताय. स्वखुशीनं. अर्जात तसं स्पष्ट लिहिलंय.”

“माझी खुशी तुमी लिवली व्हय?”

गुरुजींनी पुढ्यातला अर्ज उगाच सरळ केला...

मठात लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडे आहे, त्याला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला एक कळलं आहे. कुणी आल्या आल्या बुवांपुढे पेढ्यांचा पुडा ठेवला, की त्याच्या पोटात काहीतरी असतं. गुरुजींनी अर्ध्या किलोचा पुडा आणला होता.

नलवडे गुरुजी म्हणजे खालच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. बुवांच्या हातून माळ घातलेले, त्यामुळे बुवांचे शिष्य. वैजंताची ईश्वरी त्यांच्याच शाळेत तिसरीला. नऊ वर्षांची झाली तरी चार-पाच शब्दांपुढे बोलत नाही. वर्गात ओरडते, पाटी फेकते, बाईंच्या हाताला दोनदा चावली. तिला साठ मैलांवरच्या, अशा मुलांच्या वसतिगृहात धाडायचं गुरुजींच्या मनात होतं. आई सही करेना, म्हणून तिला बुवांपुढे आणलं होतं.

वैजंता काही दुधखुळी नव्हती. चेला ज्या गुरूकडे घेऊन जातो, तो गुरू कुणाच्या बाजूनं बोलणार हे तिला दिसत होतं. आल्यापासून तिनं उजवा हात पदराखालून बाहेर काढला नव्हता.

पाहुण्यांसाठी नवंकोरं घोंगडं अंथरलं होतं. गुरुजी मधोमध ऐसपैस बसले. बुवा त्याच घोंगड्याच्या टोकाला. वैजंता म्हणाली, “मी हितंच बरी,” आणि उंबऱ्याजवळ टेकली.

ईश्वरीनं सगळे बसायच्या आधीच घोंगड्याला एक बोट लावून पाहिलं होतं. मग ती लांब जाऊन फरशीवर बसली आणि चिंचोके एका ओळीत मांडत राहिली.

“बावीस वर्षं पोरं शिकवतोय, बुवा,” गुरुजी म्हणाले. “पोराच्या डोळ्यांत बघितलं की मला कळतं, दुखणं कोणतं आणि नाटक कोणतं. ही बघा वही. पान न् पान भरलंय.”

वही माझ्याकडे आली. मी बुवांना वाचून दाखवली. रकाने चार होते. तारीख, वेळ, वर्तन, कारवाई.

ओरडली. वर्गाबाहेर उभे केले. पाटी फेकली. पालकांना बोलावले. चावली. पालकांना समज दिली...

“त्याच्या आदी काय झालं, ते हाय का त्यात?” वैजंता मला म्हणाली. “पंख्याखाली बसवू नगा म्हणून तीनदा सांगून आले. त्यो किर्र किर्र करतो. ती आदी कान झाकती, मग वराडती. कान झाकल्यालं हाय का कुठं लिवल्यालं?”

नव्हतं.

“त्याच पंख्याखाली एकोणचाळीस पोरं बसतात,” गुरुजी पोटरी खाजवत म्हणाले. “त्यांना काही होत नाही.”

बुवांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

“नारायण, वहीचं मागलं कोरं पान काढ.”

मी काढलं.

“आजची तारीख घाल. येळ, दुपारचं चार. संपत नलवडे एका जागी नीट बसत न्हाईत. बोलता बोलता पाय खाजवत्यात. दुसरं कोण बोलाय लागलं की मधीच बोलत्यात.”

गुरुजी हसले. मग हसायचे थांबले.

“बुवा, हे काय चाललंय? ही बाई आधी येऊन तुम्हाला काही सांगून गेलीय का?”

“लिही. दुसऱ्यावर संशय घेत्यात.”

मी लिहिलं. ‘आवाज चढवतात’ एवढं मात्र मी माझ्या मनानंच घातलं. राहवलं नाही.

“अहो, हे घोंगडं टोचतंय मला,” गुरुजी गुडघ्यांवर उठत म्हणाले. “आल्यापासून नुसती आग होतेय पायांची. म्हणून हलतोय. निदान तेवढं तरी लिहा.”

बुवांनी घोंगड्यावरून तळहात फिरवला.

“चाळीस वरसं मी घोंगड्यावरच निजतो. मला काय हुत न्हाई.”

गुरुजी तसेच अर्धवट उठलेले राहिले...

“टोचतंय हे कुठं लिहू, बुवा?” मी विचारलं. “रकाना नाही.”

बुवांनी माझ्याकडे न बघता गुरुजींकडे बघितलं.

“आणि कारवाईत काय लिहू?”

गुरुजींची नजर फरशीकडे गेली. ईश्वरीच्या चिंचोक्यांची ओळ भिंतीपर्यंत पोचली होती. तासाभरात तिच्या तोंडून आवाज निघाला नव्हता.

“ही कधी जाऊन बसली तिकडे?”

“तुमी बसायच्या आदी,” वैजंता म्हणाली. “बोट लावून बघितलं तिनं.”

गुरुजी खाली बसले, ते घोंगडं सोडून. बराच वेळ पायांवरचे लाल वळ बघत होते. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

“उद्या तिला दाराजवळ बसवतो,” ते म्हणाले. “तिथं पंखा नाही.”

“ह्ये तोंडी झालं,” वैजंता म्हणाली.

“म्हणजे?”

“माझी खुशी लिवली, तशी ही तुमचीबी लिवा.”

गुरुजींनी माझ्या हातातलं पेन घेतलं. वहीत लिहिलं, खाली सही केली. वैजंतानं डाव्या हाताचं बोट फिरवत ते दोनदा वाचलं. उजवा हात पदराखालीच होता, कारण अर्ज अजून तिथंच पडलेला होता.

गुरुजींच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी अर्ज उचलला.

“बुवा... मग याचं काय करू?”

बुवांनी घोंगड्यावर थाप मारली.

“बुडाखाली घाल आन् बस. टोचायचं न्हाई.”