भरलेले तळे उतरवणारा अमात्य

पूर्वी वेत्रावती नगरात सुदंत राजाचे राज्य होते. तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नगराला लागून एक मोठे तळे होते. राजा रोज सकाळी घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसल्या बसल्या ओंजळ भरून सूर्याला अर्घ्य देई. ही चाल त्याच्या वडिलांनी पाडली होती. पाणी त्या पायरीखाली गेले की राज्याचे भाग्य उतरते, असे सगळेच मानत. म्हणून बांधाची, पाणी सोडायची मोरी कित्येक वर्षांत उघडलीच नव्हती. तळे बारा महिने काठोकाठ आणि राजा खूश.

खूश नव्हता तो कोळीवाड्याचा मुखिया निंबक. त्याचे जाळे रिकामेच वर येई. कधी एखादी म्हातारी मरळ लागे, पिल्लू मात्र औषधालाही सापडत नसे. वाड्यातल्या चुली थंड पडू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी गाव सोडायचे ठरवले. निरोप घ्यायला निंबक अमात्याकडे आला.

"जायची इच्छा नाही, धनी. पण तळ्यानंच आम्हांला टाकलं."

बोधिसत्त्व त्याच्या होडीत बसून काठाकाठाने फिरला. पाण्यात वेळू खुपसला, तर वर आला नुसता काळा, कुजका गाळ. "मरळ अंडी घालते ती काठच्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला," तो म्हणाला. "इथलं गवत बुडून कुजलंय. काठाला ऊन लागू दे, गवत उगवू दे. मग पाणी चढलं की मासा आपण होऊन येईल."

मग त्याने राजाकडे मोरी उघडायची परवानगी मागितली. "माझं भाग्य मीच उतरवू?" राजा कडाडला.

"महाराज, प्रजा गेल्यावर भरलेलं तळं कुणासाठी? पावसाळ्याअखेर मासा परतला नाही, तर मला नगराबाहेर घालवा."

राजाने दाढी कुरवाळत मान डोलावली.

हिवाळा सरताच मोरी उघडली. तळे उतरत गेले. राजा रोज सकाळी चिखल तुडवत खाली जाई, अमात्याच्या नावाने बोटे मोडी आणि अर्घ्य देऊन गुडघ्यापर्यंत बरबटून परते.

मग खरी कसोटी आली. उरलेसुरले मासे मधल्या डोहात गोळा झाले. टोपलीने उपसावेत इतके ते जवळ होते. उपाशी निंबक खांद्यावर जाळे टाकून तिथे पोचला, तर काठावर बोधिसत्त्व बसलेला.

"बाजूला व्हा, धनी. घरात पोरं रडताहेत."

"माझं कोठार उघडं आहे, आत्ताच धान्य घेऊन जा. उद्याचं सगळं तळं या माशांच्या पोटात आहे. पण जाळं तुझं, हात तुझे. मी अडवणार नाही."

निंबकाला राग आला, रडूही आले. त्याने डोहाकडे एकदा पाहिले. मग खांद्यावरचे जाळे न उतरवताच माघारी वळला.

उन्हाळाभर कोळीवाडा अमात्याच्या कोठारातल्या कोद्र्याच्या भरड धान्यावर जगला. अमात्याच्या घरीही तेच शिजले. काठावर गवत माजले. पावसाळ्यात मोरी बंद केली आणि पाणी हळूहळू गवतात शिरले. एके सकाळी निंबक काठच्या पाण्यात वाकला आणि बघतच राहिला. गवताच्या मुळाशी पिल्लेच पिल्ले वळवळत होती.

"आली! अगं, आली!" बायकोला हाका मारीत तो घराकडे पळत सुटला. वाड्यात बांधून ठेवलेली बोचकी सुटली. छातीवरचा धोंडा उतरावा तसे सगळ्यांना झाले. पिल्ले मोठी होईपर्यंत कुणी जाळे टाकले नाही, आणि ते कुणाला सांगावेही लागले नाही.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, पूर्वजन्मीचा मेळ घातला. "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा गृहपती. निंबक म्हणजे भिक्षेच्या वेळी सर्वांआधी पात्र पुढे करणारा हा आपला उतावळा भिक्षू, ज्याला तुम्ही हसता. आणि अमात्य होतो मी. सोसून धीर धरण्याच्या गुणाला क्षांती म्हणतात. पण त्या डोहाकाठी ती माझ्याहून याच्यापाशी अधिक होती. त्या दिवशी माझे पोट भरलेले होते."