रक्तातला चुना

एकदा एका खाडीकाठच्या गावी एक वृद्ध वैद्यबुवा राहत होते. गावाचा धंदा चुन्याचा. खाडीतले शिंपले उपसायचे, भट्टीत भाजायचे, पाणी मारून फोडायचे, की चुना तयार. तिथली एक जुनी रीत होती. बोट कापो की टाच फुटो, जखमेवर चिमूटभर चुना दाबला की झालं औषध. 'चुन्याच्या माणसाला चुनाच तारतो' असं तिथले लोक छातीठोकपणे सांगत. आणि एकदा रीत म्हटली की तिला जाब विचारतो कोण?

वैद्यबुवांचा शिष्य भिवा हा भट्टीवाल्यांच्याच घरातला. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने, द्वारकाक्काने, भट्टीवर राबून त्याला वाढवलं आणि वैद्यकी शिकायला धाडलं. गडी हुशार, पण भारी उतावळा. चार वर्षांत ढीगभर काढे पाठ झाले, स्वस्थ बसणं मात्र एक दिवसही जमलं नव्हतं.

एके दुपारी भट्टीकडून आरडाओरडा ऐकू आला. द्वारकाक्काचा पाय घसरला होता आणि हात फावड्याच्या धारेवर पडला होता. कोपराखाली वीतभर जखम. भिवा धावत पोहोचला तेव्हा तिच्या पुढ्यातले पांढरे शिंपले लाल झाले होते.

"बघतोस काय मेल्या! चुना भर!" अक्का ओरडली.

भिवाचं शिकलेलं सारं क्षणात पुसलं गेलं, आठवली ती फक्त रीत. त्याने नुकत्याच फोडलेल्या, अजून गरम असलेल्या चुन्यात हात घातला आणि मूठभर चुना जखमेत कोंबला. अक्काने अशी किंकाळी फोडली की बायकांनी कानांवर हात ठेवले. रक्त थांबलं नाही. त्याने दुसरी मूठ भरली.

"हात मागे घे!"

काठी टेकत वैद्यबुवा आले होते. त्यांनी एकवार जखमेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी आणा. एक घागर नको, घागरीमागून घागर आणा." मग त्यांनी फडक्याने जखमेतला चुना निपटून काढला आणि वरून पाण्याची धार धरली. रक्त उसळून वाहू लागलं.

"बुवा, हे काय करता? होतं नव्हतं ते रक्तही वाहून चाललंय! अक्का मरेल माझी!"

"मरायला नको असेल तर ओत."

रडत रडत भिवाने पाणी ओतलं. एक घागर संपली, दुसरी संपली, तिसरी संपली. मग बुवांनी धुतलेल्या पंच्याची जाड घडी जखमेवर ठेवली, अक्काचा हात उंच धरवला आणि भिवाचे दोन्ही तळवे त्या घडीवर आणून ठेवले. "दाब. सगळा भार टाक. मी सांगेपर्यंत उचलायचं नाही." इतकं बोलून ते शेजारी मांडी घालून बसले. ना पाला वाटला, ना लेप लावला.

"बुवा, औषध?"

"दाब."

अक्काचे ओठ पांढरे पडत चालले होते. "भिवा, थंडी वाजतेय रे," ती पुटपुटली. आत काय चाललंय ते भिवाला कळेना, आणि न कळता बसवेना. त्याने घडीचं टोक हळूच उचललं. रक्त पुन्हा भळभळलं.

चार वर्षांत पहिल्यांदाच बुवांचा आवाज चढला. "तुझ्या या बघण्यानं जीव जाईल तिचा!" जुनी घडी न काढता त्यांनी वर दुसरी ठेवली. "पुन्हा दाब."

भिवाने डोळे मिटून घेतले आणि दाबत राहिला. हातांना मुंग्या आल्या, पाठ भरून आली. भट्टीची सावली सरकत त्याच्या गुडघ्यांवर आली तेव्हा कुठे बुवा म्हणाले, "सैल कर. घडी मात्र राहू दे." वरच्या घडीवरचा डाग काळपट पडला होता, पसरत नव्हता. अक्काने डोळे उघडून पाणी मागितलं. भिवाच्या जिवात जीव आला आणि तो हुंदके देऊन रडला.

थोड्या वेळाने बुवांनी पाटीतला एक जिवंत शिंपला उचलला. "हे कवच कशाचं?"

"चुन्याचं."

"मग याला चुना कुणी आणून दिला?"

भिवा बुवांच्या हातातला शिंपला वाकून निरखू लागला.

"चुना खाडीच्या पाण्यात विरघळलेला असतो, बाळा, डोळ्यांना दिसत नाही. हा मुका जीव निश्चल बसून तो टिपतो आणि स्वतःभोवती भिंत बांधतो. आपल्या रक्तातही तसाच तो आहे. हाडं ही त्याची कोठारं. जखम झाली की तोच रक्त साकळायला मदत करतो, पुढे नवी कातडी येतानाही तो कामाला असतो. पण हलत्या दुधावर कधी साय धरते का? तुझा चुना धुतला, कारण भट्टीतला चुना मांस जाळतो. तुला दाबायला लावलं, कारण तिच्या चुन्याला उसंत हवी होती. तिच्या आत काहीच नाही असं तू आधीच ठरवलंस, म्हणून मूठ भरून धावलास."

आजचे डॉक्टर त्या अदृश्य चुन्याला कॅल्शियम म्हणतात. नाव नवं, काम तेच.

नाचणीची भाकरी आणि काट्यांसकट मांदेली मासे खात अक्का उठून बसली. फावड्याची जखम पंधरा दिवसांत मिटली. चुन्याने जळलेली कड भरायला मात्र दोन महिने लागले, आणि तिथे पांढरा डाग राहिला तो राहिलाच. भिवा त्या डागाकडे पाहायचं टाळत असे.

पुढे एकदा शेजारीण कापलेलं बोट धरून धावत अक्काच्या दारात आली आणि सवयीने चुन्याच्या डबीकडे वळली. भिवा उठण्याआधीच अक्काने डबी बाजूला सारली, बोट स्वच्छ धुतलं आणि त्यावर फडकं ठेवून आपल्या डागाळलेल्या हाताने ते घट्ट दाबून धरलं.

"काय लावलंस गं अक्का?"

"काही नाही. तुझं औषध तुझ्यापाशीच आहे. मी नुसतं धरून ठेवलंय."

भिवाने त्या दिवशी प्रथमच तो पांढरा डाग डोळे भरून पाहिला, आणि तो स्वस्थ तिच्याशेजारी बसून राहिला.